सतरा नंबरचा मुद्दा

थेरगाव
रविवार, २ मार्च २०२५

चि. तनुजा,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. पत्ता तुझ्या आईने पाठवलेल्या चकल्यांच्या पार्सलवरून उतरवून घेतला, तिला न विचारता. फोन माझा लागत नाही तुला, म्हणून हा कागद. का लागत नाही ते मी विचारत नाही, तूही सांगत बसू नकोस.

विषय तुझा गेम.

परवा सकाळी बिरू पेपर घेऊन आला. बिरू आठवतो ना? माझ्या हाताखाली तपासणीत होता, पत्र्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी लांबून बोट दाखवायचा. दारातूनच ओरडला, "रंगराव, ही तुमचीच ना हो?" तुझा फोटो. केस कापलेस. खाली लिहिलेलं, ‘सातवी विहीर’ नावाचा गेम, हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा, पणजीतल्या पाच जणांनी केलेला, प्रमुख तनुजा, मूळची थेरगावची. मी म्हटलं, "माझीच." आवाज जरा मोठाच निघाला. स्वयंपाकघरातून तुझी आई भांडं हातात घेऊन बाहेर आली.

मग मी सगळं वाचून काढलं. तुझ्यावर कोणी काय लिहिलंय ते. तीन दिवस हाच उद्योग. इंग्रजी अडलं की डिक्शनरी. एका परदेशी मासिकाने दहात नऊ दिलेत. लिहिणारा म्हणतो, विहिरीत उतरताना दोराचा, आपल्या नाड्याचा, ताण बोटांना जाणवतो, असं त्याने आजवर कुठल्याच गेममध्ये अनुभवलं नाही. हे वाचून मी उठून पाणी प्यायलो. पुण्यातला एक पोरगा आहे, व्हिडिओवर बोलतो, तो तर खेळताना रडलाच. दाढीवाला पोरगा, ढसाढसा!

एकाने मात्र ‘संथ’ म्हटलंय. त्याचा मला राग आला. लेखाच्या शेवटी कबूल करतो की तो चौथ्या विहिरीत उतरलाच नाही. अरे, सात विहिरींचा माल, तीन बघून निकाल देतोस? आमच्याकडे असं केलं असतं तर त्याच दिवशी गेटबाहेर.

मी यंत्र मागवलंय. सुप्रियाला सांगितलं, तुझी डिप्लोमाची मैत्रीण, ती तळवड्याच्या आयटी पार्कात असते आता. मला बघून आधी तिने तोंड वाकडं केलं. मग हो म्हणाली. दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचून मी मत बनवत नाही, तुला माहीत आहे. माल हातात घेऊन बघतो.

आईला सांगतो की मी बँकेचा अर्ज लिहितोय.

रंगराव
(तुझे वडील)

◆

थेरगाव
मंगळवार, ११ मार्च २०२५

चि. तनुजा,

उत्तर नाही. हरकत नाही, टपालाचं काही खरं नसतं.

बघितला. संपवला. सहा दिवस लागले, दोन्ही अंगठे सुजले. तुझी आई हळद लावत होती आणि मला शिव्या देत होती, पण उठून जात नव्हती. का, ते सांगतो.

पहिल्या विहिरीपाशी तुझी ती कस्तुरा नाडा सोडते, कंदील खाली करते, आणि पायऱ्यांच्या कडेला पिंपळाचं रोप दिसतं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "आगं बया! ही तर आमची पिंपळाची. निघोज्याची." दुसऱ्या विहिरीला म्हणाली, "व्हय की, ही वेशीची. हितं माझी कळशी पडलीती." मग तिने माझ्या हातातून यंत्रच काढून घेतलं. खेळता येईना, नुसती धरून बसली. माहेरच्या ज्या विहिरींवर शेड उभ्या राहिल्या, त्या सगळ्या तिने तुला लहानपणी झोपवताना सांगितलेल्या, आणि तू त्या एकेक करून उघडल्यास. पोरी, माझं काय जातंय कौतुक करायला, पण ते करायला शब्द लागतात आणि आमच्या कामात दोनच शब्द होते. ओके आणि रिजेक्ट.

आता सातवी विहीर. कस्तुरा तळाशी पोचते, अंधार, आणि वरून आवाज येतो. धप्. धप्. धप्. मी घड्याळ लावलं. मिनिटाला बत्तीस. आपली पत्र्याची प्रेस! ज्या शेडमध्ये मी बावीस वर्षं काढली आणि तू अकरा महिने, तिचाच ठोका. कधी भरून घेतलास तो आवाज? मी तुला ओरडत होतो, काम सोडून मोबाइल कशाला धरून उभी राहतेस म्हणून. तेव्हाच ना? आणि त्या शेडखाली विहीर होती हे मला तुझ्या गेमने सांगितलं. मी रोज तिच्यावरून चालत होतो.

गेममधल्या चौकीवरच्या म्हाताऱ्याबद्दल मी बोलणार नव्हतो. पण सगळे त्याच्याबद्दलच लिहितायत. कस्तुराने आणलेला नाडा तो व्हर्नियरने मोजतो, पोहरा उलटा करून बघतो, कंदिलाच्या काचेवर नख मारतो, आणि लाल टॅग लावून परत पाठवतो. कुणी म्हणतं खेळातलं सगळ्यात त्रासदायक पात्र, कुणी म्हणतं सगळ्यात लाडकं. एक परदेशी बाई लिहिते, हा म्हातारा पोरीला अडवतो कारण खाली नाडा तुटला तर काय होईल ते त्यालाच ठाऊक आहे. ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. बिरू म्हणाला, "रंगराव, मिशी तेवढी निराळी हाय." सगळे हसले. मीही.

आणि तो पास करतो तेव्हा पोरीला समोर उभं करूनच सही करतो. ते बघून मला बरं वाटलं. आठवण ठेवलीस. शिफ्टचा पहिला नग निघाला की ऑपरेटर आणि तपासणीस दोघांनी मशीनपाशी उभं राहून बघायचा, पिवळ्या टॅगवर दोघांनी एकमेकांसमोर सही करायची, मग तो नग शिफ्ट संपेपर्यंत टेबलावर. ऑपरेटर जागेवर नसेल तर सही नाही. साहेब आला तरी नाही. तुझ्या पहिल्या दिवशी मीच शिकवलेलं.

आता खुशखबर. नुसतं कौतुक करून मी थांबलो नाही. रिटायर झालेल्या तपासणीसांचा आपला गट आहे, डांगे चौकात चहाला जमतो. बिरू, मी आणि दहा जण, म्हणजे बारा. बाराही जणांनी ‘सातवी विहीर’ विकत घेतला, कुणी यंत्रावर, कुणी नातवाच्या कॉम्प्युटरवर. फुकटचा माल तपासत नाही आम्ही. सहा विहिरी वाटून घेतल्या, दोघांना एक, आणि सातवी, गाव आणि चौकी सगळ्यांनी मिळून. तीन दिवसांत एकेचाळीस मुद्दे काढले! तिसऱ्या विहिरीत कंदील भिंतीच्या आरपार दिसतो. पोहरा रिकामा असताना भरल्याचा आवाज येतो. चौकीवरचा व्हर्नियर उलटा धरलाय, बाई, उलटा! तुझ्या हातून हे व्हावं? सतरा नंबरचा मुद्दा बिरूने काढलाय, गावातल्या निळ्या दाराबद्दल, तो तितका महत्त्वाचा नाही.

जिथे गेम विकला जातो त्या पानावर अभिप्रायाची सोय आहे. आम्ही बाराही जणांनी आपापले मुद्दे तिथे व्यवस्थित नंबर घालून लिहिलेत. खाली दोनच बटणं होती, ‘शिफारस करतो’ आणि ‘शिफारस करत नाही’. सगळ्यांनी दुसरं दाबलं. होल्ड. माल सुधारून आला की पास करू. तुझं काम किती मन लावून बघितलंय ते तुला तिथे दिसेलच.

रंगराव

◆

थेरगाव
बुधवार, १९ मार्च २०२५

तनुजा,

काल सुप्रिया आली. चप्पलसुद्धा काढली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही हे मुद्दाम केलंत का?"

मी म्हटलं, काय केलं?

तिने मोबाइल पुढे धरला. आम्ही लिहायच्या आधी त्या पानावर तीस जणांचे अभिप्राय होते, त्यातले अठ्ठावीस चांगले. पान निळं, वर लिहिलेलं ‘अतिशय चांगला’. आमचे बारा पडले आणि शंभरातले सहासष्ट झाले. आता वर पिवळ्या अक्षरात ‘संमिश्र’. ती म्हणाली, ते पिवळं बघितलं की माणूस पुढे वाचतसुद्धा नाही, पान बंद करतो. खप आठवड्यात निम्म्यावर आला. आणि युरोपातली कुठली कंपनी तुझा गेम डबीत घालून, त्या यंत्राच्या चिपवर, दुकानादुकानांत ठेवणार होती. तिची अट होती, एप्रिल संपायच्या आत शंभरातले ऐंशी. ते झालं नाही तर तुम्हा पाच जणांचं ऑफिस जूनमध्ये बंद.

मी म्हटलं, अगं पण आम्ही होल्ड केलंय, रिजेक्ट नाही! होल्ड म्हणजे काय ते तिला समजावून सांगायला लागलो. गिऱ्हाइकाच्या हातात वाईट नग पडू नये म्हणून आपला माणूस आपलाच माल दारात थांबवतो. परक्याच्या मालासाठी कोण एवढा जीव काढतो? सुप्रिया ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाली, "काका, तिथे ‘होल्ड’चं बटण नसतं हो."

ती गेल्यावर तुझी आई माझ्यासमोर येऊन बसली. तिला सगळं ऐकू गेलं होतं, पत्रांचंसुद्धा. म्हणाली, "जल्मभर लोकांच्या वस्तूत खोट काढली. पोरीची वस्तू तरी सोडायची व्हती." जेवली नाही. मीही नाही.

मी चुकलो, तनू. हे वाक्य मी कंपनीत कुठल्याच रिपोर्टवर लिहिलेलं नाही. तपासून बघ हवं तर. आता लिहितो. मी चुकलो. तुझ्या गेममधला एकही मुद्दा खोटा नाही, पण मी तो चुकीच्या जागी, चुकीच्या माणसांसमोर, चुकीच्या बटणाने लिहिला, आणि अकरा शहाण्या माणसांना माझ्यामागे नेलं.

आज सकाळपासून फिरतोय. पुनावळ्याला दौलतरावाकडे गेलो, तिथून रिक्षाने वाकड, मग तळवडे. सगळ्यांना सांगितलं, अभिप्राय काढून टाका. दहा जण लगेच हो म्हणाले. बिरू तेवढा अडला. "काम न सुधरता सही फिरवायची? तुमीच शिकवलंत की न्हाई फिरवायची." मी म्हटलं, "भावा, पोरगी बुडतीय माझी." तेव्हा तो म्हणाला, उद्या काढतो.

उद्या सकाळी नऊला सगळे मिळून काढणार आहोत. हे पत्र आधी टाकतो.

रंगराव

ता. क. पाकीट पुन्हा उघडलं. आत्ता सुप्रियाचा फोन आला. तू तिला निरोप दिलास म्हणे, "अण्णांना सांग, एकही काढायचा नाही. दुरुस्ती चालू आहे." साडेतीन वर्षांनी तुझा शब्द आला, आणि तो असा. ‘अण्णांना’ म्हणालीस का ‘त्यांना’, ते मी सुप्रियाला दोनदा विचारलं. ‘अण्णांना’च.

◆

थेरगाव
रविवार, ६ एप्रिल २०२५

चि. तनूस,

दुरुस्ती आली. काय सांगू!

गुरुवारी यंत्राने स्वतःहून सांगितलं की नवीन माल आलाय. सोबत तुझी यादी. एकेचाळीस मुद्दे, आमच्याच नंबरांनी, आणि प्रत्येकासमोर काय केलं ते. ‘मुद्दा ३, कंदील: दुरुस्त. धन्यवाद दौलतराव.’ ‘मुद्दा ९, पोहऱ्याचा आवाज: रिकाम्याचा आणि भरलेल्याचा वेगळा केला.’ ‘मुद्दा २२, व्हर्नियर: सरळ धरला. लाज वाटली.’ ती लाज वाटली वाचून मी एकटाच हसत बसलो. तीन आठवड्यांत पाच पोरांनी हे केलं? आमच्या कंपनीत एवढ्याला तीन मीटिंगा आणि एक महिना गेला असता, आणि वर केक कापला असता.

आणि ते परदेशी लोक! दहात नऊ देणाऱ्या मासिकाने पुन्हा लेख लिहिला, या वेळी आमच्यावर. बारा निवृत्त तपासणीसांनी गेम कसा फाडून काढला आणि बनवणारीने एकेक मुद्दा कसा मानला. बिरूचा अभिप्राय त्यांनी भाषांतर करून छापलाय. ‘नाडा उत्तम. गाठ चुकीची. अशा गाठीने माझी मेंढीसुद्धा बांधणार नाही.’ जगभरातले लोक आता गेम घेतात आणि आधी गाठ बघतात म्हणे. सुप्रिया सांगत होती, या चार दिवसांत नऊ हजार गेले. सगळ्या फेब्रुवारीत नऊशे गेले होते. तो ‘संथ’वालासुद्धा परत आला, सातव्या विहिरीपर्यंत गेला आणि शब्द मागे घेतला. माणूस बरा निघाला.

आज सकाळी बाराही जण आमच्याकडे जमले, फेरतपासणीला. हॉलमध्ये सतरंजी घातली. तुझ्या आईने पोहे केले. बिरू यादी वाचणार, ज्याचा मुद्दा त्याने यंत्रावर बघायचं, ‘ओके’ म्हणायचं, मी टिक करायची. एक ते सोळा, ओके. मग बिरूने वाचलं.

"मुद्दा सतरा. गावातलं निळं दार. दुरुस्ती नाही. ड्रॉइंगप्रमाणे आहे."

बिरू म्हणाला, "आसं कसं? दार वाजवता येतंय म्हंजे उघडाया नगं? वाजवलं की आत रेडिओ चालू असतो तो बंद होतो. म्हंजे आत मानूस हाय की! हाय तर उघडत का न्हाई? रंगराव, ही खोटच हाय. तुमी बोला पोरीशी."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई पोह्यांची ताटली घेऊन उभी होती. तिने विचारलं, "कसलं दार?"

तनू, त्या दारावर मी पहिल्याच दिवशी पोचलो होतो. माझ्या पहिल्या पत्रापासून मी तुला सगळं लिहितोय, आणि हे सोडून लिहितोय. कस्तुराने दार वाजवलं, आतलं गाणं थांबलं, आणि माझ्या हातातून यंत्र खाली पडलं. आईला म्हटलं, अंगठा घसरला. बिरूने तो मुद्दा काढला तेव्हा यादीतून खोडायला गेलो, तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून ठेवला.

आज सांगितलं. अकरा माणसांसमोर, तुझ्या आईसमोर. भाऊबीजेचा दिवस, २०२१. ही निघोज्याला भावाकडे गेलेली. दुपारचे चार वाजलेले. मी रेडिओ लावून बसलो होतो. बेल वाजली, मी भोकातून बघितलं, तू होतीस. पाठीवर बॅग, हातात मिठाईचा पुडा. आणि त्याच्या दोन महिने आधी मी तुला म्हटलं होतं की कंपनीत परत घेतल्याचं पत्र असेल तरच या दारात पाय ठेव. माझ्या शब्दावर तुला चिकटवलं होतं तिथे, आणि तू खेळ बनवायला म्हणून सोडून गेलीस, चार लोक मला हसले, तेवढ्यासाठी. मी पाय न वाजवता मागे आलो आणि रेडिओ बंद केला. तू पुन्हा बेल वाजवलीस. मग हाताने दार वाजवलंस. मी सोफ्यावर हाताची घडी घालून बसून होतो, आपण फार मोठं काहीतरी पाळतोय अशा थाटात. थोड्या वेळाने लिफ्टचा आवाज आला.

मला साडेतीन वर्षं वाटत होतं, तुला वाटलं असेल घरात कोणी नाही. त्याच्यावरच मी झोपत होतो. रेडिओ बंद झालेला तुला बाहेर ऐकू आला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका शोधल्या, आणि एवढी साधी गोष्ट सुटली.

तू आईलाही सांगितलं नाहीस. दर रविवारी तिच्याशी बोलतेस, एकदाही नाही.

आई म्हणाली, "पोर दारात आली व्हती?" मी मान हलवली. "भाऊबीजंला?" मी पुन्हा हलवली. तिने ताटली खाली ठेवली आणि आत गेली. बाकीचे चपला शोधायला लागले. बिरू तेवढा बसून राहिला. यादी पुन्हा वाचून म्हणाला, "खोट नव्हं मग ही. माप बरोबर हाय." आणि स्वतःच्या हाताने सतराव्यासमोर ओके लिहिलं.

आई अजून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

पुढचे चोवीस मुद्दे बाकीच्यांनी आपापल्या घरी बघितले. सगळे ओके. अकरा जणांनी आपलं बटण फिरवलं. माझं तेवढं राहिलंय. जमत नाही. मी काय म्हणून पास करू, आणि कोणाला?

अण्णा

◆

थेरगाव
रविवार, १८ मे २०२५

तनू,

मधे लिहिलं नाही. लिहायला बसलो की ‘माफ कर’ हे दोन शब्द यायचे आणि पुढे काही सुचायचं नाही. तर ते आधी लिहून टाकतो. माफ कर. घरात होतो आणि दार उघडलं नाही. माफ कर, पोरी.

बटण मी फिरवलं, तीस एप्रिलला सकाळी. तोवर शंभरातले एक्क्याण्णव झाले होते, माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. माझा जुना अभिप्राय पुसला नाही, खाली जोडलं: ‘फेरतपासणी पूर्ण. मुद्दा १७ मालातला दोष नाही, तपासणीसाच्या घरातला आहे. तो तपासणीस स्वतः दुरुस्त करील. माल उत्तम आहे. माझ्या नोकरीत यापेक्षा चांगला माल माझ्या टेबलावर आला नाही.’ त्याच्याखाली कोण कुठले चारशे लोक येऊन काही काही लिहून गेलेत. एक ब्राझीलचा माणूस विचारतो, आजोबा, दार उघडलंत का? त्याला काय सांगू?

तुझी आई बोलायला लागली. पहिलं वाक्य होतं, "रेडिओ लावा." तेव्हापासून दुपारी चार वाजले की मी रेडिओ लावतो आणि दार उघडं टाकतो. शेजारची श्रद्धा विचारते, काका, वारा घेताय का. मी हो म्हणतो. मांजर दोनदा आत येऊन दूध पिऊन गेलं.

आणि काल तुझं पार्सल आलं.

आत डबी. ‘सातवी विहीर’, दुकानात ठेवायची ती, चिपवाली. मागे बारीक अक्षरात आमची बारा नावं, बिरूचं पहिलं. बिरूला दाखवली तर तो नाव वाचायच्या आधी नाड्याची गाठ बघत बसला. चित्रातली गाठ बरोबर आहे म्हणाला. मग नाव वाचलं आणि टोपी काढून डोळे पुसायला लागला.

डबीला पिवळा टॅग बांधलेला. सुतळीने, आपल्या पद्धतीने, दोन वेढे. ‘पहिला नग.’ तारीख घातलीस. लॉट नंबर घातलास. तपासणीसाची सही, रिकामी जागा. ते ठीकच. पण ऑपरेटरची सही, तीही रिकामी.

आधी वाटलं विसरलीस. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. तू विसरणारी नाहीस. माझ्या हाताखाली अकरा महिने टॅग भरलेत तू, एकावर रकाना सुटला नाही. आई म्हणाली, "आवो, सही करून टाका की, पोरीनं एवढं धाडलंय." मी तिला नियम सांगितला. दोघांनी समोर उभं राहायचं. ऑपरेटर जागेवर नसेल तर सही नाही. ती ऐकत राहिली. मग तिने टॅग हातात घेतला, दोन्ही रिकाम्या जागांवरून बोट फिरवलं, आणि डाळ भिजत घातली. पुरणाची.

नग टेबलावर ठेवलाय. शेजारी पेन ठेवलंय, चालतं का ते बघून.

चार वाजत आले. रेडिओ लावतो.

अण्णा